पावसाआधी पंधरा दिवस

श्रोतेहो, फ्ल्यूवर बोलायला मला पाच मिनिटं दिली आहेत. त्यातली बरीचशी मी एकाच गोष्टीवर खर्च करणार आहे, हे आधीच सांगून टाकतो. लस घ्यायची तर पावसाआधी घ्या.

छत्र्या बाहेर निघाल्या, शेजारच्या घरातला खोकला ऐकू यायला लागला, की मंडळी दवाखान्यात येऊन दंड पुढे करतात. ‘टोचून टाका, डॉक्टर.’ टोचतो. पण सुई आत गेली म्हणजे प्रतिपिंडं तयार झाली असं नव्हे. त्यांना साधारण दोन आठवडे लागतात, आणि तेवढा वेळ फ्ल्यू तुमच्यासाठी थांबत नाही.

माळावरून परतलेल्या मेंढरांच्या लोकरीत गोखरू अडकलेलं तुम्ही पाहिलं असेल. फ्ल्यूचा विषाणू तसाच. अंगभर बारीक काटे. त्यांच्या टोकांनी तो आपल्या श्वसनमार्गातल्या पेशींना चिकटतो आणि मग आत शिरतो. प्रतिपिंडं या टोकांवर ओल्या चिकणमातीसारखी बसतात. लिंपलेलं गोखरू लोकरीला धरत नाही, घरंगळून पडतं. पण माती आधी कालवून ठेवलेली पाहिजे ना? गोखरू गुंतल्यावर पाणी आणायला धावायचं, हे कुठलं शहाणपण!

‘मागच्या वर्षी घेतली होती की,’ असंही ऐकतो. अहो, काट्यांची टोकं सारखी बदलत असतात. जुनी माती त्यांवर नीट बसत नाही. शिवाय लशीनं आलेली प्रतिपिंडं काही महिन्यांत ओसरायला लागतात. टोकं बदलतात म्हणून तर जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ दर वर्षी फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात बसून लशीत कोणते विषाणू घालायचे ते ठरवतात.

तसं शरीर विसरभोळं नाही. १९१८ची साथ पाहिलेल्या ३२ वृद्धांचं रक्त तपासलं, त्याचा अहवाल २००८ साली प्रसिद्ध झाला. नव्वद वर्षं उलटूनही त्यांच्याकडे त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं होती! २००९मध्ये नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा पुणेकरांना आठवत असतील. त्या स्वाइन फ्ल्यूचे काटे जुन्या विषाणूंच्या काट्यांशी जुळत होते, त्यामुळे कित्येक आजी-आजोबांना त्याची लागण तरुणांपेक्षा कमी झाली. पण ती माती त्याच गोखरूची. यंदाच्या फ्ल्यूपुढे तिचा भरवसा धरू नका.

आता पुन्हा माझा मुद्दा. महाराष्ट्रात फ्ल्यूचा मोठा जोर पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर. श्रीनगरला तो थंडीत असतो. अमेरिकेतला मुलगा फोनवर सांगतो, ‘आई, ऑक्टोबरमध्ये घे.’ त्याच्या गावी ते बरोबर आहे, तुमच्या नाही. तुम्ही एप्रिल-मेमध्ये घ्या. घरात आंब्याची पेटी आली की लशीची आठवण झाली पाहिजे. उशीर झालाच असेल तर जूनमध्ये घ्या, न घेण्यापेक्षा बरं. पण पुढचे पंधरा दिवस गर्दीत जरा जपून.

घरात कुणी गरोदर असेल तर आजी म्हणतात, ‘पोटुशीला सुई नको.’ आजी, सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देताच येत नाही. त्याला प्रतिपिंडं मिळतात ती आईकडून, नाळेतून. सुनेला अडवलंत तर नातवालाही अडवलंत.

लस घेऊनही फ्ल्यू होऊ शकतो, विशेषतः पासष्टीपुढे, कारण प्रतिपिंडं कमी तयार होतात. तरीही आजार बहुधा हलका जातो. न्यूमोनियापर्यंत गोष्ट जाऊ नये, हेही काही थोडं नाही.

नाकातल्या प्रतिपिंडांबद्दल सांगायचं होतं. दंडात टोचलेल्या लशीनं ती तिथे फारशी वाढत नाहीत, म्हणून नाकात फवारायची लसही निघाली आहे, तिची गंमत अशी की... पण काचेपलीकडून खूण झाली. तर, पावसाआधी, किमान पंधरा दिवस.