संकेतस्थळाच्या भेटी : आकडे आणि त्यांचा अर्थ



शासकीय योजनेची सूचना गावाच्या चावडीवर लावली जात असे, तेव्हा ती किती जणांनी वाचली आणि वाचणाऱ्याला तिची खबर कोणी दिली, हे कळण्यास मार्ग नव्हता. आज हीच सूचना संकेतस्थळावर असते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ ने सार्वजनिक प्राधिकरणांवर स्वतःहून माहिती प्रसिद्ध करण्याची जबाबदारी टाकली असून त्यासाठीच्या माध्यमांत इंटरनेटचाही उल्लेख केला आहे. त्याच वर्षी भारताचे राष्ट्रीय पोर्टल सुरू झाले आणि २००६ मध्ये राष्ट्रीय ई-प्रशासन योजनेस मंजुरी मिळाली. माहिती महाजालावर आली. मात्र ती कोणाकडे, कोणत्या वाटेने पोहोचली, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर शोधण्याच्या तंत्रास वेब अॅनालिटिक्स म्हणतात.

या तंत्राचा पाया साधा आहे. एखाद्या पानावरील दुव्यावर क्लिक केले की ब्राउझर नव्या संकेतस्थळाच्या सर्व्हरला आपण कोणत्या पानावरून आलो हे सहसा कळवतो. या नोंदीस रेफरर म्हणतात. १९९६ च्या तांत्रिक दस्तऐवजात या इंग्रजी शब्दातील एक ‘आर’ गळाला आणि ती चूक आजही तशीच चालू आहे. या नोंदींच्या आधारे अहवालात भेटींचे वर्ग पाडले जातात : शोधयंत्राच्या नैसर्गिक निकालांतून आलेल्या, जाहिरातींतून आलेल्या, अन्य संकेतस्थळांवरील दुव्यांवरून आलेल्या, समाजमाध्यमांतून आलेल्या, ई-मेलमधून आलेल्या आणि ‘थेट’ आलेल्या. २००५ मध्ये गुगल अॅनालिटिक्सची सेवा विनामूल्य उपलब्ध झाल्यापासून असे अहवाल लहान संस्थांच्याही आवाक्यात आले.

यातील ‘थेट’ हा शब्द सर्वाधिक फसवा आहे. वाचकाने पत्ता स्वतः टंकलिखित केला किंवा जतन केलेली खूण वापरली, असा त्याचा अर्थ लावला जातो. तो अर्धाच खरा आहे. जिच्या उगमाची नोंद मिळाली नाही, अशी प्रत्येक भेट याच वर्गात जमा होते. व्हॉट्सअॅपवरून आलेला दुवा, लघुसंदेशातील दुवा, पीडीएफ पत्रकातील दुवा, भिंतीवरील क्यूआर कोड यांतून येणाऱ्या भेटींबरोबर रेफरर बहुतेकदा येत नाही. सुरक्षित पानावरून असुरक्षित पानाकडे जातानाही ब्राउझर तो सहसा पाठवत नाही. म्हणून ‘थेट’ या शब्दाच्या जागी ‘उगम अज्ञात’ असे वाचणे अधिक योग्य ठरते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, शिष्यवृत्तीच्या एका संकेतस्थळास महिन्यात १०,००० भेटी मिळाल्या. त्यांपैकी ४,५०० शोधयंत्रातून, ३,५०० थेट, १,२०० अन्य संकेतस्थळांवरून आणि ८०० समाजमाध्यमांतून आल्या. अहवाल वाचणारा अधिकारी असा निष्कर्ष काढतो की संकेतस्थळाचा पत्ता आता सर्वतोमुखी झाला आहे. तेव्हा महाविद्यालयांना पत्रे पाठविण्याची गरज नाही. प्रत्यक्षात त्या ३,५०० भेटींतील मोठा भाग पत्र मिळालेल्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर पाठविलेल्या दुव्यांचा असू शकतो. पुढील वर्षी पत्र जात नाही, दुवा फिरत नाही आणि दुर्गम तालुक्यातील पात्र विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीची खबर लागेपर्यंत अर्जाची मुदत उलटून जाते. आकडा बरोबर होता, त्याचा अर्थ चुकला.

शोधयंत्राच्या ४,५०० भेटींनाही हाच विवेक लागू पडतो. विद्यार्थ्याने योजनेचे नाव एसटी स्थानकावरील फलकावर वाचलेले असते आणि घरी येऊन ते शोधयंत्रात टाकलेले असते. अहवालात श्रेय शोधयंत्राला मिळते, फलकाला नाही. अहवाल शेवटची पायरी दाखवतो. पहिली खबर कोठून मिळाली, हे तो सांगत नाही.

यावर एक स्वस्त उपाय आहे. दुव्याच्या शेवटी उगम, माध्यम आणि मोहीम दर्शविणारी खूण जोडता येते. या खुणांना यूटीएम म्हणतात. २००५ मध्ये गुगलने विकत घेतलेल्या अर्चिन या कंपनीच्या नावावरून ते नाव आले आहे. महाविद्यालयांच्या पत्रातील दुवा, लघुसंदेशातील दुवा आणि फलकावरील क्यूआर कोड यांना वेगवेगळ्या खुणा दिल्या, तर कोणत्या वाटेने किती भेटी आल्या हे बऱ्याच अंशी उमगते. मात्र या खुणांत व्यक्तीचे नाव वा भ्रमणध्वनी क्रमांक कदापि घालू नये. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मुळे या दक्षतेस कायद्याचे अधिष्ठान लाभले आहे.

आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. अहवालातील ‘वापरकर्ता’ म्हणजे नागरिक नव्हे. तो सामान्यतः ब्राउझरमधील कुकीवरून ओळखला जातो. एकच व्यक्ती भ्रमणध्वनी आणि संगणक दोन्ही वापरत असेल, तर ती दोनदा मोजली जाऊ शकते. उलट सामाईक सेवा केंद्रातील एकाच संगणकावरून दिवसभरात ४० जणांचे अर्ज भरले गेले, तरी अहवालात एकच वापरकर्ता दिसू शकतो. ज्यांच्यासाठी ही केंद्रे उभारली, तेच ग्रामीण नागरिक अशा मोजणीत कमी दिसतात.

म्हणूनच कोणताही अहवाल हाती आला की तीन प्रश्न विचारावेत : उगम अज्ञात असलेल्या भेटी किती? मोजले ते ब्राउझर की माणसे? आणि भेट देणाऱ्यांपैकी अर्ज पूर्ण करणारे किती? यांनंतर एक चौथा प्रश्न उरतो. जो संकेतस्थळापर्यंत पोहोचलाच नाही, त्याची नोंद कोणत्याही अहवालात नसते. पात्र लाभार्थ्यांची संख्या आणि आलेले अर्ज यांतील अंतर तालुकावार तपासले, तरच त्याचा माग लागतो. उद्या प्रशासनात जाणाऱ्याने हा न दिसणारा नागरिक आधी शोधावा.