टपालवाल्याच्या हाती किती किल्ल्या?

चेन्नईच्या टी. नगरातील सोन्याच्या एखाद्या पेढीत विक्रेता कितीही सचोटीचा असो, तिजोरीची किल्ली त्याच्यापाशी नसते. हा अविश्वास नव्हे. ही व्यवस्था होय. निरोप पोहोचविणाऱ्या संगणकीय प्रोग्रॅमलाही असेच बंधन का घालावे, याचा आज विचार करू.

अशा प्रोग्रॅमला कोणाही अनोळखी माणसाचे पत्र स्वीकारावे लागते. १९८८ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत सुटलेला मॉरिस वर्म ज्या वाटांनी हजारो संगणकांत शिरला, त्यांतील एक वाट ‘सेंडमेल’ या टपाल-प्रोग्रॅमची होती. जुन्या पद्धतीत सर्वाधिकार घेऊन चालणारा असा प्रोग्रॅम फसला, की सारे घर उघडे पडे.

२००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘एसईलिनक्स’ने निराळा मार्ग घेतला. येथे प्रत्येक प्रक्रियेवर आणि फाइलीवर एक चिठ्ठी असते. कोणत्या चिठ्ठीच्या प्रक्रियेने कशाला हात लावावा, हे आधी लिहून ठेवावयाचे. जे लिहिलेले नाही ते वर्ज्य. हा नियम सर्वाधिकाऱ्यालाही चुकत नाही.

नियम लिहिताना मात्र धीर हवा. प्रथम त्या एका प्रक्रियेपुरती सवलत द्यावी. नियमभंग अडवू नये, पण त्याची नोंद व्हावी. मग प्रत्येक नोंद तपासावी. पुष्कळदा दोष नियमाचा नसतो. दुसरीकडून हलविलेल्या फाइलीवर जुनीच चिठ्ठी राहिलेली असते. तेथे चिठ्ठी बदलावी, नवी मुभा देऊ नये. नोंदींवरून आपोआप नियम रचणारे साधनही आहे. पण त्याचे म्हणणे जसेच्या तसे मान्य करणे म्हणजे टिपणी न वाचता सही करणे होय. आणि काम अडले म्हणून सारा पहाराच उठविणे, हे तर त्याहून वाईट.

अँड्रॉइडने हीच वाट चोखाळली. २०१३ मध्ये ४.३ आवृत्तीत केवळ नोंद, ४.४ मध्ये काही प्रक्रियांवर अंमल, आणि २०१४ च्या ५.० आवृत्तीत सर्वांवर. म्हणून श्रोतेहो, रंगनाथन स्ट्रीटच्या गर्दीत ज्यांच्या हाती असा फोन आहे, त्यांचे निरोप वाहणारा प्रोग्रॅम आपल्या कुंपणातच वावरत असतो. कुंपणामुळे तो निर्दोष ठरत नाही. पण उद्या तो फसला, तर हानी कोठे थांबावी हे आधीच ठरलेले असते. ज्याच्या हाती लोकांची पत्रे आहेत, त्याच्या अधिकाराची सीमा संकट येण्यापूर्वीच आखलेली असावी.