काचेच्या टाकीतील प्रवाळ

प्रवाळांचे मत्स्यालय उभारताना खरी अडचण येते ती स्थैर्याची. समुद्र अफाट असल्यामुळे त्याचे तापमान आणि खारटपणा फार सावकाश बदलतात, आणि प्रवाळांना तेच अंगवळणी पडलेले असते. टाकीत हे स्थैर्य माणसाला राखावे लागते. टाकी जितकी लहान, तितके ते कठीण. म्हणून आधी लहान टाकीवर हात बसवावा हा विचार येथे उलटा पडतो; नवख्यालाही निदान २०० लिटरची टाकी बरी. तिच्यातले नुसते पाणीच २०० किलो भरते. काच, खडक आणि वाळू यांचे वजन वेगळे. तेव्हा टाकीखालचा स्टँड भक्कमच हवा.

नळाचे पाणी येथे चालत नाही. त्यातील क्लोरिन घातक असतो आणि नायट्रेट, फॉस्फेट यांच्यामुळे शेवाळ माजते. आरओ यंत्रातून काढून पुढे आणखी शुद्ध केलेल्या पाण्यात सागरी मिठाचे तयार मिश्रण घालतात. हे स्वयंपाकाचे मीठ नव्हे. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम इत्यादी घटक समुद्राच्या प्रमाणात असतात. खारटपणा हजारात ३५ भाग ठेवायचा, म्हणजे २०० लिटरला सात किलोहून थोडे अधिक मिश्रण लागते. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना समुद्राचेच पाणी आणण्याचा मोह होतो. पण शहराच्या चौपाटीवरच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असते, आणि पावसाळ्यात त्याचा खारटपणाही उतरतो.

वाफ होऊन जाते ते फक्त पाणी, मीठ मागेच राहते. २०० लिटरमधले १० लिटर उडाले की खारटपणा ३५ वरून जवळजवळ ३७ वर चढतो. म्हणून रोजची तूट गोड्या, शुद्ध पाण्याने भरायची. त्यात मीठ घालणे ही नेहमीची चूक.

प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रकाशावर अन्न तयार करून यजमानाला पुरवते. प्रखर दिवे लावायचे ते यासाठी, शोभा दुय्यम. पाणी फार तापले की हे शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो. लक्षद्वीपच्या प्रवाळांवर १९९८ साली हेच संकट आले होते. टाकीत २५ ते २६ अंश सेल्सिअस राखावे लागत असल्याने मुंबई-कोकणात हीटरपेक्षा चिलर महत्त्वाचा, आणि खर्चिकही तोच.

यानंतर येते वाट पाहणे. माशांच्या विष्ठेतून आणि उरल्या अन्नातून अमोनिया सुटतो. एका गटाचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे त्यापासून नायट्रेट. पहिले दोन्ही पदार्थ विषारी, तिसरा पुष्कळ सौम्य. हे जीवाणू सच्छिद्र खडकांवर वस्ती करतात. त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये असे जीवाणू आधीच वसलेला समुद्रातला ‘जिवंत’ खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ सांभाळण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती. भारतात मात्र प्रवाळखडक काढून आणता येत नाही. कठीण सांगाड्याच्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, मग ते मालवणचे असोत की अंदमानचे. त्यामुळे कोरडा खडक आणि बाटलीतले जीवाणू यांवर काम भागवावे लागते.

चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले, की पैदाशीतून आलेली क्लाउनफिशची एखादी जोडी सोडावी. प्रवाळ ठेवायचे ते कायदेशीर मार्गाने मिळालेले, आणि आधी मऊ जातींचे. कठीण प्रवाळ सांगाडा बांधताना पाण्यातले कॅल्शियम ओढून घेतात; त्याची पातळी लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम टिकवता येऊ लागल्यावरच त्यांचा विचार करावा. पुढे दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलले, तर बहुतेक टाक्यांना ते पुरते.