एरंडेलानं फवारणीचं विष उतरत नाही



एरंडेलानं, त्रिफळ्यानं कोठा साफ होतो, हा आजीचा अनुभव खोटा नाही. पण फवारणीचं विष कातडीतून, श्वासातून रक्तात जातं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन २० हून जास्त माणसं गेली. अशा वेळी जुलाब दिला तर अंगातलं पाणी जातं, माणूस आणखी खचतो.

फवारणी झाली की कपडे उतरवा, साबणानं अंग धुवा, ते कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका. मळमळ, घाम, लाळ, डोळ्यांपुढं अंधारी दिसली तर ताक-तूप पाजत बसू नका. तडक दवाखाना गाठा, औषधाचा डबा सोबत न्या. त्यावरचं नाव वाचून डॉक्टरला उतारा ठरवता येतो.

एवढं घरोघर सांगा.