उतारवयातील स्मरणशक्ती आणि आपली परसबाग
(शेतकरी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मागच्या रब्बीत आमच्या वडिलांनी विहिरीवरची मोटार चालू केली आणि विसरून गेले. रात्रभर पाणी वाहून गेले. गावातला प्रत्येक बांध ज्यांना तोंडपाठ, त्यांचे हे विसरणे पाहून घरचे घाबरले. एका नातेवाइकाने स्मरणशक्तीच्या गोळ्यांची महागडी बाटली आणून दिली. तिच्यावर ठळक अक्षरांत छापले होते, ‘अँटिऑक्सिडंट’. आज या शब्दाविषयीच आपण बोलू.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. पण प्राणवायू मात्र तो जवळजवळ २० टक्के वापरतो. या वापरात काही अतिक्रियाशील कण तयार होतात व पेशींना इजा करतात. मेंदूत स्निग्ध पदार्थ जास्त, म्हणून त्याला ही इजा लवकर पोहोचते. अँटिऑक्सिडंट घटक अशा कणांना आवर घालतात. क आणि ई जीवनसत्त्व, पालेभाजीतील ल्युटिन, जांभळाचा व करवंदाचा गडद रंग ही त्यांची उदाहरणे होत.

शिकागोच्या रश विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली ९६० वृद्धांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज पालेभाजी खाणाऱ्यांची स्मरणशक्ती, ती क्वचितच खाणाऱ्यांपेक्षा सावकाश घटत होती. मात्र हे निरीक्षण आहे, सिद्धता नव्हे. अशाच आहाराची ३ वर्षे प्रत्यक्ष चाचणी घेतली, तिचा निष्कर्ष २०२३ मध्ये आला. तुलनेच्या गटापेक्षा ठळक फरक दिसला नाही. गोळ्यांचे तर त्याहून वाईट. ई जीवनसत्त्व व सेलेनियमच्या गोळ्यांनी स्मृतिभ्रंश टळला नाही, असे २०१७ साली दिसले. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या दिल्या, तर फुप्फुसाचा कर्करोग वाढल्याचे १९९४ साली आढळले.

मग करावे काय? बाटलीवर पैसे घालण्याऐवजी घराजवळ एक-दोन वाफे राखून ठेवा. पालक, मेथी, माठ, चाकवत यांचे बी दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे टाका, म्हणजे भाजी खंडित होणार नाही. बांधावर शेवगा, आवळा, जांभूळ लावा. या वाफ्यांवर कीटकनाशक फवारू नका. भाजी आधी धुवा, मग चिरा; शिजवलेले पाणी फेकू नका. थोडे तेल असले की कॅरोटिन अंगी लागते. करडईच्या तेलात ई जीवनसत्त्व चांगले असते. रक्त पातळ करण्याचे औषध चालू असलेल्यांनी मात्र पालेभाजी वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

आपल्याकडे चांगली जुडी बाजारात जाते आणि घरात उरलीसुरली येते. ही सवय बदला. पहिली जुडी घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या ताटात पडू द्या.

विसरणे वाढले, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, ऐकू येणे, बी-१२ जीवनसत्त्व यांची तपासणी करून घ्या. आमच्या वडिलांचे बी-१२ फार कमी निघाले. उपचारानंतर बराच फरक पडला. ती बाटली आम्ही फोडलीच नाही. पालकाच्या वाफ्याला आता रोज पाणी देतात ते वडीलच. मोटार बंद केली का, हे मात्र मी अजून विचारतो.