छोट्या विमानाचें इंजिन : दोष आणि जुळणी

सातारा व सांगली या जिल्ह्यांचें इंजिनाशीं असलेलें नातें जुनें आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १९१० सालीं वसविलेली किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यांत मोडते. साताऱ्यांत धनजीशा कूपर यांच्या कारखान्यांत १९३० नंतरच्या दशकांत डिझेल इंजिनें तयार होऊं लागलीं. विहिरीवर चालणाऱ्या त्या धिप्पाड इंजिनाचें एक अगदीं धाकटें भावंड म्हणजे हौशी तरुणांच्या नमुना-विमानावर बसणारें पेट्रोल-इंजिन. आकारानें तें तळहातावर मावेल. पण स्वभावानें थोरल्याइतकेंच मानी आहे. त्याची भाषा समजून घेणाऱ्यासच तें वश होतें.

हें इंजिन बहुधा दोन स्ट्रोकचें असतें. त्याला वंगणाचा निराळा सांठा नसतो. वंगण पेट्रोलांतच मिसळावें लागतें. निर्मात्यानें तिसास एक असें प्रमाण सांगितलें असेल, तर तीन लिटर पेट्रोलांत शंभर मिलिलिटर तेल घालावें. ही गोष्ट लक्षांत ठेवावी, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावरच उभें आहे.

इंजिन सुरूच होत नसेल तर श्रोत्यांनीं तीनच प्रश्न विचारावे: इंधन पोहोंचतें काय? ठिणगी पडते काय? दाब टिकतो काय? प्रथम प्लग काढून पाहावा. तो कोरडा असेल तर इंधन येत नाहीं. टाकीपासून नळी तपासावी. नळीस सुईच्या टोंकाएवढें छिद्र असलें तरी इंधनाऐवजीं हवाच ओढली जाते. प्लग ओला असेल तर इंधन पोहोंचत आहे. मग संशय ठिणगीवर घ्यावा. ठिणगी पाहतांना पेट्रोल दूर ठेवावें व प्लगचें धातूचें अंग इंजिनास घट्ट टेकलेलें असावें. अधांतरीं प्लगवर ठिणगी पाडल्यास इलेक्ट्रॉनिक इग्निशन बिघडूं शकतें. दोन्ही ठीक असतील तर पंखा हातानें फिरवून दाब पाहावा. मात्र इग्निशन बंद केल्यावांचून पंख्यास बोट लावूं नये.

आतां जुळणी. कार्बुरेटरला बहुधा दोन स्क्रू असतात. एक मंद गतीसाठीं, दुसरा पूर्ण गतीसाठीं. दोन्ही प्रथम पुस्तिकेंत दिलेल्या स्थितींत ठेवावे आणि इंजिन तापूं द्यावें. मग मंद गतीचा स्क्रू पाहावा. थ्रॉटल एकदम उघडतांच इंजिन अडखळून बंद पडलें, तर बहुधा मिश्रण पातळ आहे. स्क्रू किंचित् उघडावा. धूर सोडीत, गुरगुरत, आळसानें वेग घेऊं लागलें, तर मिश्रण दाट आहे. स्क्रू किंचित् मिटावा. त्यानंतर पूर्ण गतीचा स्क्रू हळूहळू मिटत जाऊन वेगाचें शिखर गाठावें, आणि तेथून थोडें मागें, दाट बाजूस यावें. एका वेळीं एकच स्क्रू, तोही वळणाच्या आठव्या हिश्शानें फिरवावा, आणि परिणाम ऐकावा. शेवटीं पहिला स्क्रू पुन्हां तपासावा, कारण दोघांचा एकमेकांवर परिणाम होतो.

शिखरावरून मागें कां यावयाचें, हा खरा प्रश्न आहे. मिश्रण पातळ असतां इंजिन सर्वांत मोकळेपणानें गातें, आणि नवशिक्या त्या स्वरास भुलतो. पण पेट्रोल कमी म्हणजे त्याबरोबर येणारें तेलही कमी! उष्णता वाढते आणि दट्ट्या सिलिंडरांत चिकटतो. शिवाय विमान नाक वर करून चढूं लागलें, कीं मिश्रण आणखी पातळ होण्याचा संभव असतो. जमिनीवर निर्दोष वाटणारें इंजिन आकाशांत ऐन चढावर बंद पडतें तें यामुळेंच; आणि कित्येक आठवड्यांच्या श्रमानें उभारलेलें विमान क्षणांत मातीस मिळतें. म्हणून उड्डाणापूर्वीं, विमान घट्ट धरून, नाक वर करून इंजिन पूर्ण गतीवर ऐकावें. स्वर पडला तर मिश्रण किंचित् दाट करावें. प्लगचें तोंड फिकट तपकिरी असणें हें प्रकृतीचें लक्षण. काजळी दाटपणाची, पांढुरका कोरडेपणा पातळपणाची खूण.

स्थळाचाही विचार हवा. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारें ५५० मीटर, तर पांचगणी सुमारें १३०० मीटर उंच. वर हवा विरळ असते. म्हणून सांगलींत जुळविलेलें इंजिन पांचगणीस दाट मिश्रणावर चालल्यासारखें वागेल, आणि उलट प्रवासांत पातळ. दुसरा प्रवास अधिक धोक्याचा, हें आतां सांगावयास नको. आणखी एक गोष्ट: आजच्या पेट्रोलांत ऊंसाच्या मळीपासूनही होणारें इथेनॉल मिसळलेलें असतें. तें पाणी शोषतें, आणि कार्बुरेटरच्या पडद्यास दीर्घकाळ भिजत ठेवणें बरें नव्हे. उड्डाण संपल्यावर टाकी रिकामी करावी.

थोरलें इंजिन बिघडलें तर पाणी थांबतें. धाकटें बिघडलें तर विमान पडतें. पण दोघांची परीक्षा एकाच रीतीनें होते: क्रमानें पाहावें, एका वेळीं एकच बदल करावा, आणि कानास गोड लागणाऱ्या स्वरापेक्षां इंजिनाच्या प्रकृतीवर विश्वास ठेवावा.