झाकलेल्या डोळ्यांचा चेहरा



भिलाईत चेहऱ्याविषयी बोलायचे तर आरंभ महाभारत गाऊन सांगणाऱ्या पंडवानीपासूनच करायला हवा. इथून जवळच्या गनियारीत जन्मलेल्या, भिलाई पोलाद कारखान्यात नोकरी केलेल्या आणि २०१९ साली पद्मविभूषण मिळालेल्या तीजनबाईंनी कापालिक शैलीत, म्हणजे उभ्याने, महाभारत सांगितले. हातातला तंबुरा कधी भीमाची गदा होतो, कधी अर्जुनाचे धनुष्य. वेश तोच, चेहरा तोच. पण त्यावर दुःशासन दिसतो आणि पुढच्याच क्षणी द्रौपदी. साथीला बसलेला रागी हुंकार देतो, मध्येच प्रश्न विचारतो आणि त्या हुंकारावर गाणारीचा भाव आणखी चढतो. भाव असा दोघांच्या मध्ये घडत जातो. आभासी वास्तवात, म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटीत, दोन माणसे अवतार घेऊन समोरासमोर येतात, तेव्हा नेमके याच जागी काय होते, एवढाच माझा आजचा विषय आहे.

पहिली अडचण अगदी साधी आहे. जो हेडसेट आपल्याला त्या जगात नेतो, तोच आपला अर्धा चेहरा झाकतो; आणि झाकतो तो डोळ्यांचा भाग. ड्युशेन या फ्रेंच वैद्याने १८६२ साली दाखवून दिले होते की मनापासूनच्या हसण्यात ओठांचे कोपरे वर जातातच, पण डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकसतो. हे आकसणे काही जणांना मुद्दामही जमते, असे पुढच्या संशोधनात आढळले. तरी हसणे खरे की वरवरचे, हे समोरचा माणूस डोळ्यांकडे पाहूनच ठरवतो. आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रानेही नुसत्या दृष्टीचे ३६ प्रकार सांगितले, ते उगाच नव्हे. यंत्र बनवणाऱ्यांना ही उणीव ठाऊक होती. म्हणून मेटाच्या २०२२ च्या क्वेस्ट प्रो हेडसेटमध्ये डोळे आणि चेहरा टिपणारे कॅमेरे आतून बसवले गेले. २०२४ साली आलेल्या ॲपलच्या व्हिजन प्रोमध्ये तर आधी आपला चेहरा नोंदवून घेतला जातो आणि आतले कॅमेरे त्याला हलवतात. पण क्वेस्ट ३ मध्ये असे कॅमेरेच नाहीत. तिथे माइकवर आलेल्या आवाजावरून ओठ, गाल, अगदी भुवयासुद्धा कशा हलत असतील याचा अंदाज बांधून अवताराचा चेहरा हलवण्याची सोय करण्यात आली. पापण्यांची उघडझाप आणि नजरेचा रोख तर त्याआधीपासूनच अंदाजाने दाखवले जात होते.

माझा आक्षेप या अंदाजाला आहे. मोजलेली हालचाल ही एक गोष्ट, लावलेला तर्क ही दुसरी. एकमन आणि फ्रीझन या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली चेहऱ्याच्या हालचाली नोंदवण्याची जी पद्धत दिली, ती कोणता स्नायू किती हलला एवढेच लिहून ठेवते. भावनेचे नाव देत नाही. हा संयम पुढे सुटला आणि हालचालीवरून थेट भावनेचे नाव दिले जाऊ लागले. २०१९ साली मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन तपासले, तेव्हा रागावलेली माणसे सरासरी ३० टक्क्यांहूनही कमी वेळा भुवया आक्रसतात असे दिसले. राग आला की चेहरा अमुक असाच होतो, हे गृहीतक इतके कच्चे आहे. शिवाय भरताने सांगितलेले आठ सात्त्विक भाव आठवा: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, कंप, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. यातले घाम, रोमांच, पांढरा पडलेला चेहरा, पाणावलेले डोळे हे स्नायूंच्या नोंदीत येतच नाहीत. आवाज स्थिर ठेवून आतल्या आत रडणारे माणूस आवाजावरून हलणाऱ्या अवतारात शांत दिसेल, आणि समोरचा हुंकार देईल तो त्या खोट्या शांततेला.

यावर म्हटले जाते की निश्चल चेहरा पाहणाऱ्याला प्रेतवत वाटतो, त्यापेक्षा थोडा कल्पनेने हलवलेला बरा. यंत्रमानवशास्त्रज्ञ मासाहिरो मोरींनी १९७० साली लिहिले ते मात्र उलट सांगते: आकृती जवळजवळ माणसासारखी झाली पण पुरती झाली नाही, की मन दचकते, आणि हालचालीने ते दचकणे वाढते. जव्हार-मोखाड्याच्या बोहाडा या सोंगांच्या उत्सवात मुखवट्याची एक पापणीही हलत नाही. तरी देव येतो आणि राक्षसही येतो, कारण चाल, मान, खांदे हे सगळे आतल्या नाचणाऱ्याचे स्वतःचे असते. मुखवटा आपण मुखवटा आहोत हे लपवत नाही. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. पक्षाघाताने ज्याचा अर्धा चेहरा हलत नाही, त्याला हसरा अवतार हवा असेल तर? तो त्याने जरूर घ्यावा. तिथे भाव निवडणारा माणूसच आहे. अभिनयाचा हक्क त्याचाच आहे. यंत्राने त्याला न विचारता भाव निवडू नये, इतकेच माझे म्हणणे.

भिलाईसारख्या कामगारांच्या गावात ही गोष्ट केवळ कलेपुरती राहत नाही. उद्या भट्टीवरच्या सुरक्षेचे प्रशिक्षण हेडसेट लावून द्यायचे झाले, तर शिकणाऱ्याचा चेहरा आतून टिपला जाईल आणि हा घाबरट, तो बेफिकीर, असे शेरे लिहिणे अवघड राहणार नाही. युरोपीय संघाने २ फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या आणि शिक्षणाच्या जागी यंत्राने भावना ओळखण्यावर बंदी घातली, पण वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांना वगळून. कारखान्यात सगळ्यात आधी पुढे केले जाईल ते सुरक्षेचेच कारण. म्हणून अवताराच्या चेहऱ्यावरचा कोणता भाग टिपलेला आणि कोणता अंदाजाचा, हे पाहणाऱ्याला तिथल्या तिथे दिसले पाहिजे, आणि अंदाज बंद करण्याची कळ हेडसेट लावणाऱ्याच्या हाती असली पाहिजे. २०१६ साली सुरू झालेली आयआयटी आता कुटेलाभाठ्यात आहे, आणि पंडवानीचे आणि ‘नाचा’ या लोकनाट्याचे कलावंत याच मुलखात आहेत. अशा अवतारांची पारख करायची झाली तर प्रयोगशाळेने या कलावंतांना बोलवावे. मात्र गाणारीला एकटीला कॅमेऱ्यापुढे उभे करू नये. रागीलाही हेडसेट द्यावा, आणि तिच्या अवताराकडे पाहून त्याचा हुंकार कुठे चुकतो ते नोंदवावे.